शेवटच्या रांगेतली जागा

लेकीचे दिवस भरत आले होते आणि दरड कोसळून तिच्या सासरचा, खाणगावाचा रस्ता बंद पडला होता, म्हणून शिवणकाम करणाऱ्या त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदाच विमानानं जायचं ठरवलं. विमान कसलं, नऊ जणांची डबीच ती. खाणीच्या माणसांची ने-आण करणारी एक छोटी कंपनी दर मंगळवारी दुपारी ते उडवायची. काउंटरवर तिचा धाकटा भाऊच होता. आई गेल्यावर तिनं त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं, त्यामुळे तिला कसली धास्ती नव्हती.

"कडक पेटी नको, मऊ पिशवी आण," त्यानं फोनवर समजावलं. "सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात, लाजू नकोस. फार पाणी पिऊन येऊ नकोस, आत सोय नाही. आणि ढग उतरले तर दिवसभर थांबावं लागेल, कुणी विचारणार नाही."

मंगळवारी ढग उतरले होते, तरी विमान सुटायचं ठरलं. भावानं तिला काट्यावर उभं केलं, आकडा लिहून घेतला आणि कागदावरची नजर न उचलता म्हणाला, "ताई, तुला नऊ नंबर. शेजारची जागा रिकामी आहे... तिथं पिशवी ठेवू नकोस."

खाणीची सात माणसं धक्काबुक्की करत पुढच्या रांगांत जाऊन बसली. ही मागं एकटी.

विमान ढगात शिरलं. खिडक्या राखाडी झाल्या, इंजिनाची घरघर कापसात गुंडाळल्यासारखी बसकी झाली. मग वास आला, ओल्या कपड्यांचा आणि तेलकट धुराचा, भटारखान्यात दिवसभर राबलेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा. शेजारची रिकामी गादी हळूच खाली दबली. पट्टा आपोआप सरकला... आणि खट्‌कन बसला.

पुढच्या सातांपैकी एकानंही मान वळवली नाही.

"तुझं नाव आहे यादीत?" अगदी कानाशी, बाईचा आवाज.

"आहे..."

"कुणी लिहिलं?"

"माझ्या भावानं..."

मग आवाज म्हणाला, "माझं नाही लिहिलं त्यानं."

आणि तिच्या खांद्यावर एक डोकं टेकलं. गार, ओलं, जड. चाकं जमिनीला लागेपर्यंत ते तसंच होतं. ती हलली नाही.

खाली उतरल्यावर तिनं त्या सातांतल्या एका म्हाताऱ्या फोरमनची बाही धरली. तो आधी आढेवेढे घेत होता. मग जमिनीकडे बघत बोलला. "खाणीतली स्वयंपाकीण होती. मागच्या वर्षी तुमच्या गावी आलेली असताना तिला इकडे घरून निरोप आला. विमानाचं वजन आधीच भरलं होतं, पण ती रडत होती. काउंटरवाल्यानं तिला यादीत न घेताच बसवलं. ढगात मागचं दार उघडलं... यादीत आठ नावं होती, आठ माणसं उतरली. आम्हीही तोंड उघडलं नाही. तिला शोधायला कुणी गेलंच नाही."

"मग मला तिथं का..."

"शेजारी कुणी असलं की ती बसून राहते. नसलं तर उठून पायलटपर्यंत चालत येते. आमच्यातलं आता कुणी तिथं बसायला तयार नाही, काकू."

तिनं तिथूनच भावाला फोन लावला. "तुला माहीत होतं."

तो म्हणाला, "दुसरं कोणी बसलं नसतं, ताई."

"म्हणून मी?"

"तू मला कधी नाही म्हटलं नाहीस."

तिनं फोन बंद केला. विमानात आलं नव्हतं ते रडू तिला आत्ता आलं.

गुरुवारी लेक सुखरूप बाळंत झाली. महिन्याभरानं रस्ता खुला झाला तशी ती बसनं घरी परतली. भाऊ दोनदा दारात येऊन गेला. तिनं कडी काढली नाही.

मग एके दिवशी सकाळी पायलटच आला. पोरगेलासा माणूस, डोळे खोल गेलेले. मशीनजवळ उभा राहून तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"काकू, तुम्ही परत कधी आमच्या विमानात बसलात का?"

"नाही बाबा. आणि बसणारही नाही."

"मागं आता कुणालाच बसवत नाही आम्ही. तरी ती उठून पुढं येत नाही. मागून दोघींच्या बोलण्याचा आवाज येतो. एक आवाज... आत्ता बोललात ना, तो."

तिनं मशीन थांबवलं. "काय बोलते मी?"

"नीट ऐकू येत नाही," तो हळूच म्हणाला. "पण काल पहिल्यांदाच तुम्ही दोघी हसत होतात."