पाचवं मडकं

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

माझ्या मावसबहिणीने, नम्रताने, हे मला तीनदा सांगितलं आहे. तिन्ही वेळा तेच शब्द.

गेल्या वर्षीचा जानेवारी. दुसरा रविवार. किन्हवलीच्या पुढे, तिच्या सासरच्या गावाजवळ एक जुना तलाव आहे. नाव सांगत नाही, उगाच कोणी तिथे जायला नको.

हिमालयातली तळी गोठली की चक्रवाक इकडे उतरतात. नारिंगी रंगाची मोठी बदकं. नम्रताचा नवरा आदेश त्यांच्यापायी वेडा. आठवडाभर कल्याणला नोकरी, आणि रविवार उजाडला की दुर्बीण घेऊन तलावावर. "सवत परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं," असं नम्रता म्हणायची.

त्याला चक्रवाकाचा फोटो हवा होता, तोही हातभर अंतरावरून. दोन हिवाळे हुकले होते.

मग त्याला वडिलांची गोष्ट आठवली.

कुंडलिकबाबा तरुणपणी बदकं धरायचे. आधी तलावात मडकी तरंगत सोडायची. तीन दिवसांत बदकांना सवय होते. मग भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालून, गळाभर पाण्यातून, हळूहळू जवळ जायचं. पाय धरून बदक खाली ओढायचं. शेजारच्या बदकालाही पत्ता लागत नाही.

बाबा ही गोष्ट रंगवून सांगत. पण ते काम का सोडलं, हे विचारलं की उठून गोठ्यात जात.

आदेशने वडिलांना न सांगता आदल्या रविवारीच तीन मडकी तोंडं बांधून तलावात सोडली. चौथ्याला भोकं पाडून कॅमेरा चिकटवला. या रविवारी झुंजूमुंजू होताना तो पाण्यात उतरला.

"काय पण होऊ दे, हाक मारू नको," तो नम्रताला म्हणाला. "एक आवाज झाला का सगळी उडतील."

ती काठावर बसली.

पाण्यावर धुकं होतं. मधोमध बारा चक्रवाक. आजूबाजूला मडकी. तीन नुसती तरंगणारी, एक आदेशच्या डोक्यावर.

तिने सहज मोजली.

पाच.

डोळे चोळून पुन्हा मोजली... पाचच.

दोन मडकी सरकत होती. एक डावीकडून, एक पलीकडच्या काठाकडून. त्यातला आदेश कुठला, तिला सांगता येईना.

तेवढ्यात एक चक्रवाक पाण्याखाली गेला.

पंखांची फडफड नाही. पाण्याचा आवाज नाही. होता... आणि नव्हता.

चक्रवाक असा बुडी मारत नाही, हे तिला आदेशनेच शिकवलं होतं. ती तो वर यायची वाट बघत राहिली.

तो वर आला नाही.

मग दुसरा गेला. बाकीचे दहा आपले शांत. आदेश बदकाच्या पिसालाही हात लावणारा नव्हता, मग हे कोण करत होतं?

पलीकडचं मडकं आता बदकांकडे जात नव्हतं.

ते दुसऱ्या मडक्याकडे वळलं होतं.

नम्रता हाक मारायला उभी राहिली. दोन वर्षांची त्याची मेहनत. रागावेल. आपल्यालाच भास होत असेल. खरं सांगायचं तर, ती त्या एका विचारापायी थांबली याची तिला आजही लाज वाटते.

एक मडकं हलकेच खाली गेलं. त्या बदकांसारखंच. बिनआवाज.

"आदेश..."

ती जिवाच्या आकांताने ओरडली. दहाच्या दहा चक्रवाक एकदम उडाले. मडकं फुटलं, आदेश ठसकत वर आला आणि पडत-झडत काठाला लागला. पहिलं वाक्य तो हेच बोलला:

"पाय धरलेला कोणीतरी. तू हाक मारलीस तेव्हा सोडला."

मागे पाण्यावर तीनच मडकी होती.

घरी बाबा शेगडीपाशी बसले होते. मुलाचे ओले कपडे बघितले, घोट्यावरचे बोटांचे वळ बघितले. सुनेकडे वळले.

"तू हाक मारलीस ना गो?"

"हो, बाबा."

"मी नाय मारली."

शेगडीतले निखारे सारत ते सांगू लागले.

"जैतू नि मी, आमी दोघं जायचो. माझा लहानपणीचा दोस्त तो. त्या दिशी तो पाण्यात, मी काठाला. मडकं बुडताना मी बघितलं. पर बदकं उडतील म्हून गप राहिलो. ऊन वर येईस्तवर गप राहिलो. तिसऱ्या दिशी मडकं गावलं. जैतू नाय गावला."

बाबा रडले. नम्रताने त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

यंदा चक्रवाक पुन्हा आलेत. आदेश तिकडे फिरकत नाही. पण बाबा रोज सकाळी तलावावर जातात आणि एकदाच हाक मारतात. "जैतू..." त्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून नम्रता सोबत जाते.

हाक मारली की बदकं उडतात. रोज उडायची.

गेल्या मंगळवारी उडाली नाहीत.

नुसती दोन्ही बाजूंना सरकली आणि मधे वाट सोडली. वाट थेट काठावर बसलेल्या बाबांच्या पायांपर्यंत येत होती.

नम्रता त्यांना दंडाला धरून उठवू लागली. ते उठेनात.

"हाक मी मारलीय गो," ते म्हणाले. "आता येव दे ना त्याला."

तिने त्यांना ओढून घरी आणलं. आता रोज सकाळी ती दाराला आतून कडी घालते, आणि बाबा रोज दारापाशी येऊन उभे राहतात.