सातवा वाफा

"सातवा वाफा अळीचा. त्याला औषध लावायचं नाही. मग तो कितीही घाण दिसू दे. कबूल?"

हिरवेसरांचा तो आवाज डॉ. वरदा पोंक्षेला अकरा वर्षांनी पुन्हा ऐकू आला, तेव्हा ती प्रयोगशाळेच्या टेबलापाशी उभी होती आणि तिच्या हातात अर्धी चिरलेली क्रॅनबेरी होती.

बाहेरून फळ निर्दोष होतं. लालबुंद, टणक, देवापुढे ठेवावं असं. आत मात्र गरच नव्हता. ओल्या भुशासारखी तपकिरी विष्ठा गच्च भरली होती आणि तिच्या मधोमध एक फिकट हिरवी अळी संथपणे डोकं हलवत होती. वरदाने दुसरं फळ चिरलं. तिसरं. वीसपैकी चौदा फळांत तेच. सकाळी तिने याच हातावर तीर्थ घेतलं होतं. तिने सुरी खाली ठेवली आणि तीन वेळा हात धुतले.

सह्याद्रीच्या या उंच, आम्लधर्मी मातीच्या पठारावर उष्ण हवामान सोसणारा क्रॅनबेरीचा वाण लावला त्याला अकरा वर्षं झाली होती. कीडनियंत्रणाची जबाबदारी आधी हिरवेसरांकडे होती, ते दुसऱ्या वर्षी वारल्यावर वरदाकडे आली. फळं काढायला चार दिवस उरले होते. तळ्याचं पाणी वाफ्यांत सोडायचं, फळं तरंगली की गोळा करायची, आणि त्यांचा रस 'निर्मळ' नावाने उपवासाचं सरबत म्हणून बाटल्यांत जायचा. खालच्या वाडीतली साठ घरं या पठारावर जगत होती.

"तापगणक चुकला असेल असं म्हणू नका, मॅडम," अद्वैत कारखानीस दारातूनच म्हणाला. फवारणीची वेळ ठरवणारं ते यंत्र त्यानेच बनवलं होतं. "यंदाही नव्व्याण्णव टक्के अळ्या मेल्या. मी स्वतः मोजणी पाहिली."

"कोणत्या दिवशी मोजल्या?"

"फवारणीनंतर. म्हणजे अंडी फुटण्याच्या हंगामात."

"म्हणजे त्या हंगामात आलेल्यांचीच. मेलेल्यांना विचारून जिवंतांचा पत्ता लागतो का रे?"

वरदा कधी आवाज चढवत नसे. आत्ताही चढवला नाही. पण अद्वैत स्टूल ओढून बसला.

"आपण पहिल्यापासून बघू," ती म्हणाली. "किडीला तारीख कळत नाही, ऊब कळते. तुझा तापगणक रोजची ऊब बेरजेत धरतो आणि अंडी कधी फुटणार ते सांगतो. बरोबर?"

"तासाच्या हिशेबाने सांगतो."

"अंड्यातून निघालेली अळी दोन-तीन दिवस फळावर फिरते, मग देठाच्या उलट्या टोकाने आत शिरते. एकदा शिरली की तिला कोणी हात लावू शकत नाही. आपलं औषध कातप्रेरक. ते पोटात गेलं की आतली कातडी तयार नसतानाच अळी कात टाकायला जाते आणि मरते. मधमाशीला काही नाही, माणसाला काही नाही. म्हणून ते कमी धोक्याचं. पण फळापानांवर टिकतं फक्त दहा दिवस. त्या दहा दिवसांत जी आली ती मेली. जी उशिरा आली तिचं काय झालं?"

"तशा किती असणार? शंभरात एक."

"त्या एकीचीच लेकरं पुढच्या वर्षी उरली."

तिने कामगंध सापळ्यांच्या नोंदी त्याच्यापुढे सरकवल्या. मादीच्या वासाला भुलून सापळ्यांत अडकलेल्या नर पतंगांचे आकडे अजूनही कोणीतरी दर आठवड्याला लिहीत होतं. तापगणकाने ते वाचणं तिसऱ्या वर्षापासून बंद केलं होतं, कारण नव्व्याण्णव टक्क्यांनंतर वाचायचं कशाला? पतंगांची गर्दी दर वर्षी चारेक दिवसांनी पुढे सरकत होती. नऊ वर्षांत पाच आठवडे.

"आता अळी येते ती फळं काढायच्या आधीच्या तीस दिवसांत. त्या तीस दिवसांत कसलीही फवारणी करायची नाही असा कायदा आहे. तुझा तापगणक चुकला असता, चार दिवस इकडे-तिकडे झाला असता, तर उशिरा येणाऱ्याही थोड्या मेल्या असत्या. तो चुकलाच नाही. आपणच तिला पंचांग शिकवलं, अद्वैत."

अद्वैतने चिरलेल्या फळाकडे पाहिलं आणि मान फिरवली. "सरांना हे माहीत नव्हतं?"

"त्यांनाच माहीत होतं. उशिराचा गुण दबका असतो. उशिरा येणारा आणि वेळेवर येणारी यांची जोडी जमली की पिल्लं वेळेवरच निघतात आणि औषधात सापडतात. म्हणून एक वाफा वेळेवर येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवायचा. तिथले पतंग दर वर्षी पठारभर जाणार आणि उशीरवाल्यांशी सोयरीक करणार."

"सातवा वाफा? पण तो तर फवारणीच्या नकाशात आहे. कोणी घातला?"

"मी."

तिला तो वाफा आठवला. जाळ्यांनी एकमेकांना चिकटलेली सुरकुतलेली फळं, त्यांतून लोंबणारे विष्ठेचे तपकिरी धागे आणि आंबूस वास. रोज ती पदर नाकाला लावून तिथून जायची. सर मात्र त्या वाफ्याच्या कडेला बसून डबा खायचे. आधी डब्याभोवती चार शितांची चित्राहुती घालायचे. लगेच मुंग्या येत. सर उठले की वरदा ती शितं फडक्याने पुसून टाकायची. मुंग्यांसकट. आणि सर गेले त्या महिन्यात तिने नकाशावर सातव्या वाफ्याला बोट लावलं. पठार पहिल्यांदा स्वच्छ दिसलं तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं.

"झालं ते झालं," अद्वैत म्हणाला. "यंदाचं फळ तर निघेल. गर उकळतोच, गाळतोच. सरबतात काय दिसणार आहे? तुम्ही फळ कीडमुक्त असल्याच्या दाखल्यावर सही करा. पुढच्या वर्षी फवारणी पाच आठवडे पुढे नेऊ. तीस दिवसांचा नियम थोडा..."

"उपवासाच्या दिवशी माणसं ते पितात."

"उकळल्यावर ती प्रथिनंच की हो, मॅडम."

वरदाला पुन्हा किळस आली, या वेळी अळीची नव्हे. "त्या अळीने निदान बाटलीवर 'निर्मळ' असं लिहून ठेवलं नव्हतं," ती म्हणाली आणि दाखला कोराच त्याच्याकडे सरकवला. "फळं खोल खड्ड्यात गाडायची. एकही बाटली जायची नाही."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुन्हा हेच. वेळेवर येणारी एकही आता पठारावर उरलेली नाही. वाफा मोकळा ठेवला तरी त्यात सोडू काय?"

"माझ्याकडं हायेत की."

दोघांनी वळून पाहिलं. फळं निवडणाऱ्या बायकांची मुकादम ठकूबाई ढेबे दारात परात घेऊन बसली होती. ती मघापासून तिथेच होती.

"गोठ्यामागं चिखलात सरांनी चार वेली लावून दिल्या हुत्या. खाली, कड्याच्या पायथ्याला. तिथला पतंग इतक्या वर येत न्हाई. औशीद कदी घातलं न्हाई. लई घाण, ताई. जनावरंबी तोंड लावत न्हाईत. फूल गळलं की अळी हजर, अगदी पयल्यासारकी."

"तुम्हाला कशाला दिल्या त्यांनी?" वरदाने विचारलं.

ठकूबाई परातीत बघत राहिली. "राग मानू नका. म्हनले, वरदा गुणाची पोर हाय, पन लई सोवळी. तिच्यानं सातवा वाफा ऱ्हानार न्हाई. तिला लागंल तवा दे."

"उद्या सकाळी घेऊन या," वरदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाईने आणलेला पत्र्याचा डबा टेबलावर होता. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली होती. आत जाळ्यांत गुंडाळलेली, काळी पडलेली फळं आणि त्यांतून बाहेर येऊ लागलेल्या पोसलेल्या अळ्या. आता त्यांना माती हवी होती, कोषात झोपायला.

वरदाने तापगणकाच्या नकाशातून सातवा वाफा काढला. यंत्राने कारण विचारलं. तिने 'दिलेला शब्द' एवढंच लिहिलं.

"पाच-सहा वर्षं लागतील, मॅडम," अद्वैत हळूच म्हणाला.

"लागू देत."

ती हातमोजे चढवू लागली.

"ते नगं, ताई," ठकूबाई म्हणाली. "चिरडत्यात. नुसत्या हातानं, एकेक."

वरदाने हातमोजे काढून ठेवले. डबा उचलताना एक अळी भोकातून वर आली आणि तिच्या बोटावर चढली. तिने हात झटकला नाही. दुसऱ्या हाताने डबा छातीशी धरून ती पायऱ्या उतरली आणि ओल्या बांधावरून सातव्या वाफ्याकडे चालू लागली.