पान सत्तेचाळीसवरची न मोजलेली दोन नावं

जिन्यातून जाता-जाता दारात उभ्या रंगनाथ भोसेकरांचा डोल एक्कावन्न निघाला, तेव्हा हौसाताई बनसोडेंनी चष्मा पदराला पुसून मनगटावरच्या पट्टीकडं पुन्हा पाहिलं. आकडा तोच होता. मागच्या निवडणुकीत तो तीन होता.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा काय? आधी बस. चहा टाकलाय."

सन २०४९ची लोकसभा. प्रचार थांबायला नऊ दिवस उरले होते. बार्शीच्या या गल्लीचं मतदारयादीतलं पान सत्तेचाळीस चाळीस वर्षं पक्षातर्फे हौसाताईंच्या ताब्यात होतं. पानावर तीस नावं. आठ निवडणुकांत, त्यांच्या अंदाजानं, एकोणतीस मतं ठरलेली. तिसावं मत यमुना लोखंडेचं. ती समोरच्या पक्षाची कार्यकर्ती, आणि हेच पान ती उलट्या बाजूनं सांभाळायची. हौसाताई या पानाला इतक्या जपत की घरात कुणी यादीवर पेला ठेवला तरी ओरडा बसायचा.

डोल, म्हणजे मन कुठल्या पक्षाकडं किती झुकलंय ते मोजायचं यंत्र दहा वर्षांपूर्वी आलं. साडीपिनेएवढा कॅमेरा खांद्याला लावायचा आणि आकडा मनगटावर बघायचा. पक्षाच्या पुणे कार्यालयातले डॉ. तन्वीर मुजावर ते शिकवायला आले होते. "दोन्ही पक्षांची चिन्हं कानावर पडली की डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते," ते म्हणाले होते. "मन ठरलेलं असेल तर लगेच पूर्ववत होते. ठरलेलं नसेल तर रेंगाळते. कुठल्या चिन्हाला किती रेंगाळली, त्यावरून आकडा निघतो. शून्य म्हणजे पक्का आपला, शंभर म्हणजे पक्का त्यांचा, पन्नास म्हणजे काटा बरोबर मध्ये."

"म्हणजे नवऱ्याला 'वाढू का?' विचारलं आणि 'हो' म्हणायला तो क्षणभर थांबला, की समजायचं, बाहेर वडापाव हाणून आलाय."

"अगदी तेच. तुमचं यंत्र एकाच नवऱ्यावर चालतं, एवढाच फरक."

"आणि सोंग घेतलं तर?"

"बाहुलीला सोंग येत नाही, ताई. आकडा हलायचा तर आतून खरंच हलावं लागतं. आता फक्त चाळीस ते साठवाल्यांकडं जायचं. पक्क्या माणसाकडं वेळ कशाला घालवायचा? बरं, तुमचाही मोजू?"

"अहो, देवळातल्या पुजाऱ्याला कुणी विचारतं का, देव मानतोस का म्हणून?"

सगळे हसले. मुजावरांनी न मोजताच शून्य लिहिलं. यमुनाच्या नावापुढं हौसाताईंनी स्वतःच शंभर लिहिला. तिचं काय मोजायचं!

भोसेकर काका एसटीतले निवृत्त कंडक्टर. बायको गेल्यापासून एकटेच. पूर्वी प्रत्येक निवडणुकीत हौसाताई त्यांच्याकडं मतदाराची चिठ्ठी घेऊन जायच्या, बशीतून चहा प्यायच्या, अर्धा तास गप्पा व्हायच्या. तीन आकडा आल्यापासून चिठ्ठी फोनवर जायला लागली.

"तिकीट काढलेल्या प्रवाशाकडं कंडक्टर पुन्हा बघत नाही, हे मला कळतं," बशी पुढं सरकवत काका म्हणाले. "पण दहा वर्षं, हौसा? पलीकडच्या शेट्यांचा आकडा सत्तेचाळीस. त्यांच्या दारात तू तीनदा. म्हटलं, आपणही हलून बघू. आधी सोंग घेतलं. कुठलं काय, मागच्या खेपेला जिन्यात तुझ्या पट्टीवर डोकावलो, तर तीनच! मग रोज सकाळी समोरच्यांचं म्हणणं मोठ्यानं वाचायला लागलो. आपल्याकडं त्याचं उत्तर आहे का, ते शोधायचं."

"असतं ना?"

"कधी असतं, कधी नसतं. हळूहळू आकडा चढला. आता सगळी गल्ली हेच करते. तुला सगळे पन्नासच्या आसपास दिसतात, ते काय उगाच?"

"बरं, आले ना मी? मग आता खेळ पुरे. मत आपल्यालाच ना?"

काकांनी रिकामी बशी उचलली. "तिथंच गोची झालीय. आता परत तीनवर येता येईना."

बाहेर पडल्यावर हौसाताईंनी जिन्यातूनच मुजावरांना फोन लावला.

"सगळीकडं हेच आहे, ताई," मुजावर थकलेल्या आवाजात म्हणाले. "आपण फक्त डळमळणाऱ्यांना भेटलो, म्हणून लोक डळमळायला शिकले. जे मोजलं तेच वाढलं."

"मग ही माणसं ऐनवेळी ठरवणार कशी?"

"गणित म्हणतं, ज्यानं शेवटचं दार वाजवलं, मत त्याला."

"आणि त्या शेवटच्यानं सांगायचं काय?"

"काय सांगितलं, यानं फारसा फरक पडत नाही."

हे मात्र हौसाताईंना झोंबलं. सांगण्यासारखं काही नसेल, तर चाळीस वर्षं आपण जिने का झिजवले? तरी पान सोडायचं नव्हतं. नऊ दिवस त्या दारोदार बसल्या. डळमळणाऱ्याचं आधी सगळं ऐकून घ्यावं लागे, आणि लोकांनी सकाळच्या वाचनातून नेमके प्रश्न काढून ठेवलेले असत. कधी उत्तर असायचं. कधी नसायचं, तेव्हा त्या चहाचं कौतुक करायच्या. हल्ली चहाचं कौतुक फार होऊ लागलं होतं.

शेवटच्या दिवशी साडेपाचला अठ्ठावीस नावं संपली. संध्याकाळी सहाला प्रचार बंद, नव्या नियमानं दारोदार जाणंही. हौसाताई घरी येऊन टेकतात न टेकतात तोच दार वाजलं.

दारात यमुना लोखंडे.

"यमे? वाट चुकलीस का गं?"

"माझीही अठ्ठावीस संपली, राहिलं तुझं दार. ते आमच्या यादीत कधी नव्हतंच. न मोजता शंभर लिहिलाय."

"माझ्याकडं तुझाही तोच आहे."

"आणि आमच्यात माझा शून्य. तोही न मोजलेला." यमुना खुर्चीत बसली. "पाय तुटलेत. पोटऱ्यांची पार लाकडं झालीत."

हौसाताईंनी चहा आणला. चाळीस वर्षांत निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्या घरी कुणी चहाला आलं नव्हतं. खालून दोन्ही पक्षांच्या रिक्षा एकीमागं एक गेल्या, भोंग्यांवर चिन्हं पुकारत. दोघींच्या खांद्यावर पिना होत्याच. हौसाताईंच्या मनगटावर यमुनाचा आकडा उमटला: पन्नास. त्यांनी हात झटकन पदराखाली घेतला. वर पाहिलं, तर यमुनाही स्वतःच्या मनगटावरच्या पट्टीवर बांगड्या ओढत होती.

"किती आला?" हौसाताईंनी विचारलं.

"तुझ्याकडं जितका आला तितकाच असणार."

घड्याळात सहाला सात कमी.

"मग बोल की," हौसाताई म्हणाल्या. "दार तू वाजवलंस."

"घर तुझं. तू आधी बोल. काहीतरी सांग, हौसे. काहीही सांग, मी ऐकते."

हौसाताईंनी तोंड उघडलं. चाळीस वर्षं पाठ असलेलं पहिलं वाक्य ओठांवर आलं, आणि त्याच्या मागोमाग 'आपल्याकडं त्याचं उत्तर आहे का' हा भोसेकर काकांचा प्रश्न आला. त्यांनी यमुनाची कपबशी पुढं सरकवली.

"चहात आलं छान उतरलंय," यमुना म्हणाली.

सहाला भोंगे बंद झाले. एका रिक्षेचं वाक्य मध्येच तुटलं. दोघींच्या मनगटावर अजून पन्नासच होता, आणि आता मतदानापर्यंत कुणालाही कुणाचं दार वाजवायची मुभा नव्हती.