धुतलेले पलंग

"ताई, जरा ऊठ. त्या खुर्चीवर आता धाकटा बसेल," बाबा इतक्या सहज म्हणाले, की जणू पाण्याचा तांब्याच मागत होते...

थोरली उठली. बाबांच्या कारखान्यात रुग्णांचे पलंग बनत, पण घेणारं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा तिनेच सुचवलं होतं, की विकायचे कशाला? आजारपण जन्मभराचं नसतं. पलंग भाड्याने द्यावा, माणूस बरा झाला की आणावा, धुऊन-पुसून निर्जंतुक करून पुढच्या घरी पाठवावा. त्या धंद्यापायी तिने ठरलेलं लग्न लांबवलं... आणि ते मोडलं. आज नव्या कार्यालयात बाबा पाहुण्यांना सांगत होते, "कल्पना सगळी आमच्या चिरंजीवांची."

"बाबा, ती माझी..."

"बाहेर पुरुषाचं नाव लागतं, पोरी. घर तर तुझंच आहे ना?"

तिने व्याकूळ होऊन आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली.

पुढे धाकटाच म्हणाला, "ताई, दोघांचे हुकूम ऐकून कामगार गोंधळतात. तू आता आराम कर." ती निमूटपणे बाहेर पडली, भाड्याची खोली घेऊन एका दवाखान्यात नोकरी करू लागली.

इकडे धाकट्याने वेळ वाया जातो म्हणून धुलाईच बंद केली. एका रुग्णाची गादी तशीच दुसऱ्या घरी गेली. तिथल्या म्हाताऱ्या बाईच्या जखमा चिघळल्या आणि ती दगावली. चौकशी सुरू झाली.

मग एका दुपारी आई-बाबा तिच्या दारात उभे राहिले. बाबांचे डोळे भरून आले होते. "चुकलं माझं. ते सगळं तूच उभं केलंस... चल परत."

हे शब्द ऐकायला तिचा जीव किती तळमळला होता... तिला हुंदका आवरेना.

"फक्त," बाबा हळूच म्हणाले, "धुलाई तुझ्याकडे होती, एवढं चौकशीत सांग. तुझ्यामागे ना नवरा, ना मूल. धाकट्याचा संसार उघड्यावर येईल."

ती एक पाऊल मागे सरली. तरीही, जन्मभराच्या सवयीने, तिची मान होकारासाठी हलू लागली... तोच आईने तिचा हात घट्ट धरला.

"नाही. येऊ नकोस."

"तू मध्ये बोलू नकोस," बाबा गुरगुरले.

"कारखान्यातला पहिला पलंग मी आखला होता, ताई. नाव यांचं झालं. मी गिळलं, आणि तुलाही गिळायला शिकवलं. ते पाप माझं."

"म्हणजे पोटच्या पोराला तुरुंगात धाडणार?"

"धाडायला मी कोण? केलंय त्याने."

बाबा दार आपटून खाली गेले. आई भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिने विचारलं, "त्या दगावलेल्या बाईचं घर कुठे आहे, ठाऊक आहे तुला?"

"आई, तो तुझा मुलगा आहे..."

"म्हणूनच मी जायला हवं."

खालून बाबांनी आईला हाक मारली, मग पुन्हा, अधिक मोठ्याने. आईने ओ दिली नाही. तिने डोळे पुसले, लेकीचा हात धरला, आणि दोघी जिना उतरून बाबांच्या समोरून, न थांबता, पुढे गेल्या.