पारदर्शक पाइप

कॉव्हेंट्रीतल्या आपल्या गॅरेजात योएल, मूळचा मराठी ज्यू, जेवढा गाड्यांशी बोलायचा तेवढा माणसांशी बोलत नसे. पण डॉ. श्रीनिवास आले की मराठीची हौस फिटायची, म्हणून त्यांची म्हातारी डिझेल पिकअप तो आनंदाने बघायचा. रिटायर झाल्यावर डॉक्टरांना भाज्या लावायचं वेड लागलं होतं आणि अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या वाफ्यांवर, खत न्यायला त्यांनी ही सेकंडहँड घेतली होती.

"स्टार्ट होते, जरा पुढे जाते, की बंद," डॉक्टर म्हणाले. "फिल्टर मीच चेंज केला, यू नो."

"हात दाखवून अवलक्षण! आता मला बघू द्या."

टाकीत डिझेल होतं, फिल्टर नवा कोरा होता. म्हणजे टाकीकडून येणारा पाइप कुठेतरी चिरला असणार आणि डिझेलबरोबर हवा ओढत असणार. पण डोळ्यांनी बघून खात्री करायला हवी. योएलने काळ्या पाइपाचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक पाइप बसवला आणि इंजिन चालू केलं. पिवळसर डिझेलमधून बुडबुडे पळाले. निदान झालं. त्याने इंजिन बंद केलं.

बुडबुडे थांबले नाहीत.

थोडे यायचे, मग खंड पडायचा, मग पुन्हा थोडे.

"डिझेल टाकीत परत उतरतंय," योएल म्हणाला. ते खरंही होतं. पण उतरणाऱ्या डिझेलला असा ठेका त्याने आजवर पाहिला नव्हता.

डॉक्टर चष्मा सावरत वाकले. "धिस इज फनी. वॉर्डमध्ये किती पाहिलंय हे. लंग्ज गेलेला पेशंट असंच ब्रीद करतो."

योएलला हसू आलं नाही. त्याची बायको शुलामीथ हिवाळ्यापासून घरी ऑक्सिजनवर होती. तिच्यावाचून त्याला या देशात आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं.

तेवढ्यात तिचाच फोन आला. हात माखलेले, म्हणून त्याने स्पीकर लावून फोन गाडीवरच ठेवला.

"अहो, लंचला... येताय ना? सूप... गरम करते."

ती श्वास घेई तेव्हा पाइपात बुडबुडे येत. ती थांबे तेव्हा तेही थांबत.

"इथे आहे की चीर!" डॉक्टरांनी बॉनेटखाली हात घालून काळ्या पाइपावर अंगठा दाबला. "सी? बंद."

बुडबुडे थांबले. फोनमधला आवाज शब्दाच्या मधेच तुटला.

"अंगठा काढा! काढा आधी!"

डॉक्टरांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. फोनमध्ये खोकला ऐकू आला, मग धाप. "काय... झालं मला?"

डॉक्टरांनी योएलकडे पाहिलं, मग पाइपाकडे.

डिझेल उतरत होतं. पाइप रिकामा होत चालला, बुडबुडे विरळ झाले. श्वासही.

योएलने फिल्टरवरचा, हाताने डिझेल ओढायचा रबरी फुगा दाबला. डिझेल वर चढलं, बुडबुडे आले, पलीकडे शुलामीथने श्वास घेतला. फुगा सोडला, की पुन्हा उतरण.

"द्या इकडे," डॉक्टर म्हणाले. "हे मला येतं. तुम्ही अॅम्ब्युलन्सला कॉल करा."

पेशंटला श्वास द्यायची पिशवी तोंडावर लावून दाबावी तसे ते फुगा दाबू लागले. योएलने गॅरेजच्या फोनवरून घरचा पत्ता सांगितला आणि धावत परत आला.

"शुला, माणसं निघालीत. घाबरू नकोस."

"नाही घाबरत." तिचा आवाज शांत होता. "छातीवर कोणीतरी हात ठेवलाय. हळूहळू दाबतायत. बरं वाटतंय."

"घरात कोण आहे?"

"कोणी नाही."

डॉक्टरांनी पुन्हा फुगा दाबला.

"अहो, त्यांना अंगठी काढायला सांगा ना. टोचतेय."

योएलने वळून पाहिलं. रबरी फुग्यावर मूठ उघडमीट करणाऱ्या डॉक्टरांच्या बोटात सोन्याची जाड अंगठी होती.