अंगठा पोचत नाही तिथे

ही गोष्ट खरी आहे. मावशीनं ती सांगितलीय, आणि मावशी केसभर मापातसुद्धा खोटं बोलत नाही.

तापलेलं लोखंड साच्यात ठोकून घडवतात, अशा कारखान्यात ती सुट्या भागांचे आराखडे करते. आधी लाकडी नमुना. तो उस्तादांच्या टेबलावर ठेवायचा आणि पाठ करून बसायचं. कुणी बघत असलं की त्यांचा हात चालत नसे.

उस्ताद म्हणजे साचे कोरणारे म्हातारे कारागीर. अंगठ्याला काजळी लावून ते आतल्या कोपऱ्यातून फिरवायचे. कोपऱ्यात काजळी न लागलेली पांढरी रेघ उरली, की नापास.

"माझा अंगठा पोचत नाही, तिथं लोखंड काय पोचणार, पोरी? तिथूनच तडकेल ते."

पास झालं, की टेबलावर दोन टिचक्या.

गेल्या वर्षी उस्ताद गेले. खोलीत मावशी एकटी उरली. घरी तर ती एकटीच होती.

एका रविवारी दुपारी कारखाना बंद होता. ओझं उचलायच्या आकड्याचा नमुना तिनं सवयीनं त्या टेबलावर ठेवला, कुलूप लावलं, डबा खाऊन आली.

नमुन्यावर काजळी होती...

कोपऱ्यात पांढरी रेघ.

"उस्ताद, जागाच तेवढी आहे हो," ती बोलून गेली.

मग निमूटपणे मेण भरून तिनं कोपरा गोल केला. नमुना ठेवला. पाठ केली.

टक... टक.

तिला भीती वाटली नाही. रडू आलं. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिचं काम बघितलं होतं.

पुढच्या रविवारी तिनं मुद्दाम कोपरा अरुंद ठेवला. नुसतं त्यांनी यावं म्हणून.

पाठ करून बसली. ऊन टेबलावरून उतरून भिंतीवर चढलं. आवाज नाही.

वळून बघते तर काजळी होती. पांढरी रेघही होती.

आणि काळा अंगठा... तिचा स्वतःचा.

साबण झाला, राख झाली. तो काळेपणा अजून जात नाही.

काल ती आमच्याकडे आली. बाळाचा नवा पाळणा टांगला होता.

"बघ गं," आई हसत म्हणाली, "तुझ्याच धंद्यातला आकडा आहे."

मावशीनं आकड्याच्या आतून अंगठा फिरवला.

आम्ही सगळे टिचक्यांची वाट बघत राहिलो.

ती हात धुवायला गेली.

बाळ सध्या माझ्या कुशीत झोपतं. पाळणा रिकामाच आहे.