भट्टीत गेलेले सहा तुकडे

"एकदा विचारायचं नाही का? तोंड शिवलं होतं का तुमचं?"

संशोधन संस्थेच्या तळघरात, धातूंना मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंग विभागाच्या दारात ती उभी होती. काखेत थंडगार द्रव नायट्रोजनचा डबा आणि डोळ्यांत नुसता जाळ. समोर हातमोजे घातलेला उंच कारागीर, आणि त्याच्या तळहातावर तिचे सहा पोलादी तुकडे. भट्टीतून काढलेले, कोमट.

"टाकीत राहिलेले दिसले... वाटलं, तुम्ही विसरलात," तो चाचरत म्हणाला. "चार तास दोनशे डिग्रीला भाजलेत, मॅडम. हायड्रोजनचा कणही उरला नसेल. आता तडकायचे नाहीत."

"अहो, तो हायड्रोजनच हवा होता मला!"

अकरा दिवस! अकरा दिवस तिने ॲसिडच्या टाकीत करंट लावून तो त्या पोलादात मुरवला होता. वरच्या प्रयोगशाळेतली टाकी बिघडली म्हणून हा कोपरा मागून घेतला होता. हायड्रोजन पळू नये म्हणून तुकडे नायट्रोजनमध्ये ठेवायचे, तर तो आणायला पाच तासांची रांग. आणि तेवढ्यात या शहाण्याने सगळ्याचं मातेरं केलं.

"पोलादात हायड्रोजन हवा?" तो चक्रावला. "दुधात मुद्दाम माशी टाकण्यातला प्रकार झाला हा! न भाजलेला एक बोल्ट तडकला, त्यात माझ्या काकांचा अंगठा गेलाय, मॅडम."

तिने डबा खाली ठेवला. मग पुन्हा उसळली.

"धातूत अणू ओळीने बसलेले असतात. मध्येच एखादी जागा रिकामी असते. ती तयार व्हायला एरवी खूप ऊर्जा लागते. पण हायड्रोजन मुरला ना, की तो त्या जागेत ठाण मांडतो. मग अशा जागा सहज तयार होतात आणि लवकर बुजत नाहीत. माझ्या गाईड सरांना हे पटत नाही. शुक्रवारी या जागा मोजायच्या यंत्रावर माझा नंबर आहे, पुढचा सहा महिन्यांनी. आणि माझी फेलोशिप दोन महिन्यांत संपतेय! कळलं, काय करून ठेवलंत ते?"

त्याचा चेहरा पडला. मग त्याने हातमोजे घट्ट ओढले.

"आज सोमवार. पोलादात हायड्रोजन शिरू नये म्हणून काय काय करायचं नाही, ते काकांनी मला ओरडून ओरडून शिकवलंय... ते सगळं करूया?"

आणि त्यांनी केलं. करंट वाढवला, ॲसिड कडक केलं, नवे तुकडे घासून अगदी उघडे केले. तो गुणगुणायचा, तिला राग यायचा. तो गुणगुणायचा थांबला की जास्त राग यायचा. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची... एकाच! हा काय अर्धवटपणा?

"एवढं काय बघताय, मॅडम?"

"टाकी बघतेय!"

"टाकी तिकडे आहे."

शुक्रवारी नव्या तुकड्यांबरोबर तिने ते भाजलेले सहाही रागारागाने यंत्राखाली घातले. नव्यांत रिकाम्या जागाच जागा! भाजलेल्यांत जवळपास नाहीतच. टाकी तीच, पोलाद तेच, फक्त हायड्रोजन निघून गेलेला. याहून चांगला पुरावा तिला शोधूनही सापडला नसता.

"चूक तुझी आणि फायदा माझा, हे मला अजिबात मान्य नाही!" ती शेजारी उभ्या असलेल्या त्याच्यावर ओरडली. 'तुमची'चं 'तुझी' कधी झालं, तिच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं.

महिन्याभराने शोधनिबंध तयार झाला. सरांनी तो वाचला, मान डोलावली आणि लाल पेनाने लेखकांतलं दुसरं नाव खोडलं.

"प्लेटिंगवाल्याचं नाव कशाला? शेवटी आभार माना, पुष्कळ झालं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, अकरा दिवसांचं काम त्याने तीन दिवसांत केलं! पुरावा त्याच्या भट्टीतून आलाय! त्याचं नाव जाणार असेल तर माझंही खोडा. फेलोशिप गेली तर गेली!"

सरांनी निबंध पुन्हा पुढ्यात ओढला. मग त्यांनी खोडलेलं नाव पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

ती वळली, तर दारात तो. हातात घासलेल्या तुकड्यांचा ट्रे.

"एवढा राग... माझ्यासाठी?"

"शास्त्रासाठी!"

"बरं." तो जायला वळला.

"थांब ना! थोडा... तुझ्यासाठी."

"थोडा?"

"सगळा! झालं समाधान? आणि तू काय रे, मुकाट्याने भट्टीत टाकून मोकळा झालास! त्या दिवशी एका शब्दाने विचारलं असतंस तर?"

त्याने ट्रे खाली ठेवला. खळी पडली... तीच, एका गालाची.

"अकरा दिवस तू रोज टाकीपाशी यायचीस, एकदाही मान वर केली नाहीस. रोज ठरवायचो, आज हिच्याशी बोलायचं." तो अडखळला. "नाहीच जमलं. म्हटलं, बोलता येत नाही तर निदान हिचे तुकडे तरी तडकू देऊ नयेत."

तिने तो ट्रे पायाने बाजूला सरकवला.

"मग आता विचार मला," ती म्हणाली.